युगांडाची गोरिला कॉन्झर्व्हेशन कॉफी: सत्तरीच्या एका स्वयंपाकघरातून

गेल्या डिसेंबरात माझ्या दिरांचा मुलगा कंपालाहून सुट्टीवर घरी आला, तेव्हा त्याने बॅगेतल्या कपड्यांच्या घड्यांमधून दोन पाकिटे काढली आणि "काकी, आधी ही कॉफी पिऊन बघ, हिच्यामागची हकिकत मग सांगतो," असे म्हणून माझ्या हातात ठेवली. विमान पकडण्यापूर्वी एन्टेबेच्या गोरिला कॉन्झर्व्हेशन कॅफेतून त्याने ती घेतली होती. एक पाकीट अख्ख्या बियांचे होते आणि दुसरे दळलेल्या पुडीचे. दोन्हींवर गोरिलाचे चित्र होते आणि कॉफीचे नाव होते 'कन्योन्यी'. पुढचे तीन महिने मी ती जपून वापरली, तिच्यामागचे काम समजून घेतले, आणि आता दोन्हींबद्दल सविस्तर लिहीत आहे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, जंगलाच्या कडेला राहणाऱ्या आमच्यासारख्या कुटुंबाला ही कॉफी पेयापलीकडे काही सांगते असे मला वाटते, आणि ते सांगायचे तर थोडे सावकाश सांगावे लागेल.

आधी चवीविषयी. आमच्या घरी कॉफी म्हणजे बेळगावहून आणलेली, चिकोरी मिसळलेली पूड, दूध, साखर आणि वरून किसलेले जायफळ. तिचा रंग गडद, घोट दाट आणि कडवटपणा ठसठशीत असतो. कन्योन्यी ही मध्यम भाजलेली अरेबिका आहे, त्यामुळे त्याच सवयीने ती उकळली तर तिचे गुण हाती लागत नाहीत. दोन-तीन दिवसांच्या खटपटीनंतर माझ्या हाताला बसलेली रीत अशी: पाणी खळखळून उकळल्यावर गॅस बंद करून मिनिटभर थांबायचे, एका मोठ्या कपाला दीड मोठा चमचा भरडसर पूड घ्यायची, पाणी ओतून झाकण ठेवायचे, चार मिनिटांनी एकदा हलवून धुतलेल्या मलमलीच्या फडक्यातून गाळायचे. झाकण उघडताक्षणी पहिला वास येतो तो काकवीचा. घोट घेतल्यावर आधी मनुकांसारखा आंबटगोडपणा लागतो आणि गिळून झाल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला, मंद आचेवर भाजलेल्या काजूगराची चव बराच वेळ रेंगाळते. साखर घातली नाही तरी चालते; मी स्वतः आयुष्यात पहिल्यांदा बिनसाखरेची कॉफी याच पाकिटामुळे प्यायले.

दूध घालूनच प्यायची असेल तर पूड थोडी वाढवावी आणि दूध अगदी बेताचे घालावे. जायफळ मात्र घालू नये, कारण त्याच्या वासापुढे या कॉफीचा नाजूक गंध टिकत नाही. आमच्या सासूबाईंनी जायफळाशिवाय कॉफीला हात लावायचा नाही असे ठरवले होते; त्यांनी एक घोट घेऊन "ही आपली नव्हे, पण बरी आहे," असा निकाल दिला आणि दुसऱ्या दिवशी आपणहून पुन्हा मागितली. घरातल्या जुन्या जिभेची ही पसंती मला कोणत्याही गुणांकापेक्षा मोलाची वाटते.

बियांच्या पाकिटाबाबत एक सूचना करते. मी पहिल्यांदा त्यातल्या थोड्या बिया बाजारातल्या एका गिरणीत दळायला दिल्या, आणि त्याच चक्कीवर आधी मसाला दळलेला असल्याने पुडीला धण्या-मिरचीचा वास बसला. तेवढी पूड शेवटी झाडांच्या बुंध्याशी टाकावी लागली. बिया घरीच, मिक्सरच्या लहान भांड्यात, थांबून थांबून फिरवाव्यात, म्हणजे त्या तापत नाहीत. पिण्यापूर्वी लागतील तेवढ्याच दळाव्यात. शक्य असेल तर बियाच घ्याव्यात, कारण आमच्या पावसाळी हवेत दळलेली पूड फार लवकर दमट होते.

आता नावाविषयी. कन्योन्यी हा युगांडाच्या नैऋत्येकडील ब्विंडी अभयारण्यातला, पाठीवर रुपेरी केस आलेला, मुबारे नावाच्या कळपाचा म्होरक्या नर गोरिला होता. १९९३ मध्ये पर्यटकांना पाहता यावा म्हणून माणसांच्या सहवासाला सरावलेला युगांडातला पहिला कळप तो हाच. कन्योन्यीच्या आधीचा म्होरक्या रुहोंडेझा म्हातारा झाल्यावर कळपापासून दुरावला आणि गावकऱ्यांच्या जमिनींच्या आसपास येऊन राहू लागला, तेव्हा लोकांनी त्याला हाकलले नाही, तसेच राहू दिले. २०१२ मध्ये तो वारला. कन्योन्यीही २०१७ च्या डिसेंबरात गेला. रानातल्या एका जनावराचे नाव पाकिटावर छापून त्याची आठवण ठेवली आहे, याचे मला मनापासून बरे वाटले.

ब्विंडी राष्ट्रीय उद्यान १९९१ मध्ये झाले आणि १९९४ मध्ये त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जगातल्या पर्वतीय गोरिलांपैकी जवळजवळ निम्मे तिथे राहतात. २०१९ च्या अखेरीस जाहीर झालेल्या गणनेनुसार ब्विंडी आणि त्याला लागून काँगोच्या बाजूस असलेले सारांब्वे मिळून ४५९, आणि विरुंगा पर्वतरांगेतले धरून एकंदर १०६३ इतके हे गोरिला होते. त्यांची संख्या वाढती राहिल्यामुळे २०१८ मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त' या वर्गातून 'संकटग्रस्त' या एक पायरी खालच्या वर्गात आणले गेले. एवढ्या थोड्या प्राण्यांच्या जंगलाला चारही बाजूंनी शेते भिडलेली आहेत, आणि त्या शेतांवरची वस्ती ग्रामीण आफ्रिकेतल्या सर्वांत दाट वस्त्यांमध्ये मोडते. डोंगरउताराच्या वरपर्यंत केळी, रताळी, चहा आणि कॉफी, आणि एका बांधापलीकडे थेट घनदाट रान, असे ते चित्र आहे. आमच्या सत्तरीतल्या माणसाला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या कॉफीची मुळे १९९६ सालच्या एका आजारात आहेत. त्या वर्षी ब्विंडीतल्या एका कळपातले गोरिला खाजवून खाजवून हैराण झालेले वनरक्षकांना दिसले. त्यांचे केस गळत होते आणि कातडीवर पांढरे खवले धरले होते. त्या वेळी डॉ. ग्लॅडिस कलेमा-झिकुसोका या तरुण पशुवैद्य युगांडाच्या राष्ट्रीय उद्यानांच्या पहिल्या पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून नुकत्याच कामाला लागल्या होत्या. त्यांनी माणसांच्या डॉक्टर असलेल्या परिचितांकडे चौकशी केली, तेव्हा माणसांत अशी लक्षणे खरजेची असतात असे कळले, आणि तपासणीत गोरिलांनाही खरूजच निघाली. एक पिल्लू दगावले. बाकीचे गोरिला आयव्हरमेक्टिन हे औषध टोचल्यावर बरे झाले. रोग आला कुठून, याचा शोध घेतला तेव्हा बोट गावाकडे वळले: शेतात उभ्या केलेल्या बुजगावण्यांना घातलेले, खरजेच्या घरांतले न धुतलेले कपडे. केळीचे गाभे खायला शेतात आलेल्या गोरिलांनी त्या चिंध्या हाताळल्या असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. माणसाची आणि गोरिलाची जनुके ९८ टक्क्यांहून अधिक सारखी असल्यामुळे माणसाची खरूज, सर्दी, खोकला त्यांना सहज होतो, आणि आपल्याला आठवडाभर अंथरुणात ठेवणारा आजार त्यांचा जीव घेऊ शकतो.

एखाद्याने तिथे गोरिलांना इंजेक्शने देऊन काम संपवले असते. या बाईंनी त्या कपड्यांच्या मालकांचा विचार केला. त्या घरांत साबण नव्हता, पाणी लांबून आणावे लागत होते, दवाखाना दूर होता आणि खरूज हा आजार अंगवळणी पडलेला होता. तेव्हा गावाची खरूज गेल्याशिवाय रानाची जाणार नव्हती. २००३ मध्ये त्यांनी पती लॉरेन्स झिकुसोका आणि सहकारी स्टीफन रुबांगा यांच्यासह 'कॉन्झर्व्हेशन थ्रू पब्लिक हेल्थ' ही संस्था सुरू केली. सार्वजनिक आरोग्याच्या वाटेने वन्यजीवांचे रक्षण, हे तिचे नाव आणि तेच तिचे काम. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने डॉ. कलेमा-झिकुसोका यांना 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला.

संस्थेची कामाची पद्धत मला कॉफीइतकीच आवडली. गावातलेच स्वयंसेवक निवडून त्यांची 'ग्राम आरोग्य आणि संवर्धन' पथके केली आहेत. पथकातली व्यक्ती एखाद्या घरी जाते तेव्हा तीच हात धुण्याबद्दल बोलते, तीच शौचालय आणि कचऱ्याचा खड्डा पाहते, खोकला लांबला असेल तर क्षयाच्या तपासणीसाठी पाठवते, हवे त्या जोडप्याला कुटुंबनियोजनाची साधने मिळवून देते, आणि त्याच भेटीत विचारते की या महिन्यात तुमच्या शेतात गोरिला आले होते का. गोरिला आले असतील तर त्यांना दगड न मारता परत रानाकडे वळवणारे वेगळे प्रशिक्षित स्वयंसेवक आहेत. गोरिला रोज रात्री पानाफांद्यांची नवी शेज करून झोपतात; सकाळी त्या रिकाम्या शेजेतून वनरक्षक शेणाचे नमुने गोळा करतात आणि ते बुहोमा येथील संस्थेच्या केंद्रात तपासले जातात. गावातल्या गुरांचेही नमुने तपासले जातात, म्हणजे एखादा जंत गुरांकडून रानात चालला आहे का, ते वेळेत कळते. माणसांचा दवाखाना, गुरांचा दवाखाना आणि वनखाते अशा तीन दारांत एरवी विखुरलेली माहिती इथे एका वहीत येते.

मग यात कॉफी कुठे बसते? ज्या शेतकऱ्याला आपल्या कॉफीचा भाव व्यापारी सांगेल तो घ्यावा लागतो, त्याच्यावर वाईट वर्षी सरपणासाठी, फासे लावून लहान हरणे पकडण्यासाठी रानात शिरायची पाळी येते. त्याच्याबरोबर त्याचे आजारही रानात शिरतात, आणि गोरिलासाठी नसलेल्या फाशात गोरिलाचा हात अडकतो. म्हणून संस्थेने २०१५ च्या सुमारास ब्विंडीच्या कडेच्या शेतकऱ्यांकडून थेट कॉफी घ्यायला सुरुवात केली. त्यांना पिकलेली लाल फळेच तोडायला, ती नीट धुवायला आणि वाळवायला शिकवले, आणि बाजारभावापेक्षा जास्त भाव दिला. विक्रीतला एक वाटा वर सांगितलेल्या आरोग्याच्या आणि गोरिलांच्या कामाकडे जातो. जो भाव मी कपात मोजते, तो तिथे कोणाच्या तरी घरी साबणाचा आणि औषधाचा भाव असतो, आणि दुसऱ्या टोकाला एका कळपाच्या निरोगी कातडीचा.

हे किती खरे आहे, ते २०२० ने दाखवले. मार्चमध्ये साथीमुळे पर्यटन थांबले आणि ब्विंडीच्या गावांचे उत्पन्न एकाएकी आटले. जूनमध्ये राफिकी नावाचा न्कुरिंगो कळपाचा म्होरक्या, लहान जनावरांच्या शिकारीला रानात शिरलेल्या माणसाच्या भाल्याने मारला गेला. त्या माणसाला ११ वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा व्हायला हवी होती, यात मला शंका नाही. पण त्याच वर्षीच्या जानेवारीत आमच्या सत्तरीत गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे बछडे मिळून चार वाघ विषाने मेले होते, आणि गुरे मारली गेल्याच्या रागातून हे घडल्याचे तपासात पुढे आले होते. त्या आठवड्यात आमच्या तालुक्यात कोणाच्याही घरी दुसरा विषय नव्हता. गाय गेलेल्या घराला वेळेवर भरपाई मिळाली असती तर, असे तेव्हा अनेकांनी म्हटले, आणि मीही म्हटले होते. राफिकीची बातमी आता वाचताना माझ्या डोळ्यांसमोर गोळावलीच आले. रानाच्या कडेला राहणाऱ्याचे पोट आणि रानातल्या जनावराचा जीव किती जवळजवळ बांधलेले असतात, हे ज्यांनी एकदा पाहिले त्यांना कॉफीच्या पाकिटावरचा गोरिला शोभेचा वाटत नाही.

आमचे स्वतःचे एक दुखणेही इथे सांगितले पाहिजे. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात माकडताप आढळला. हा रोग १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. तो गोचिडींतून पसरतो. रोगाने माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पाचोळ्यात उतरतात आणि पुढच्या उबदार अंगाची वाट पाहतात. आमच्याकडे त्याचा काळ म्हणजे नेमका काजूचा हंगाम, जेव्हा बायामाणसे दिवसभर पाचोळ्यात बसून बोंडे गोळा करत असतात. रानात जाण्यापूर्वी अंगाला गोचीड दूर ठेवणारे तेल लावावे, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करावी आणि कपडे वेगळे धुवावेत, मेलेले माकड दिसल्यास हात न लावता कळवावे, हे आता सगळ्यांना पाठ आहे.

कळवावे, पण कोणाला? काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमच्या बागायतीत काजूच्या झाडाखाली एक माकडीण मरून पडली होती. मी वाकून पाहिले तर तिच्या कानांच्या पाळ्यांना आणि पापण्यांच्या कडांना नाचणीच्या दाण्यांसारख्या बारीक गोचिडी ओळीने चिकटलेल्या होत्या, आणि त्यांतल्या काही हळूहळू केसांतून खाली सरकत होत्या. कामाला येणारी बाई शेपटीला धरून तिला ओढून टाकणार इतक्यात मी ओरडून थांबवले. मग मी एका कार्यालयात फोन केला. मेलेले जनावर आपल्याकडे येत नाही, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या कार्यालयाने विचारले की घरात कोणाला ताप आहे का, आणि नाही म्हटल्यावर ताप आला की कळवा असे सांगितले. तिसरीकडून माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला, तोवर उन्हाने ते शव तपासणीला उपयोगी राहिले नव्हते. आम्ही आठवडाभर त्या झाडांकडे फिरकलो नाही. जमिनीवर पडलेली बोंडे तिथेच आंबली. सुदैवाने घरात कोणी आजारी पडले नाही. त्या दिवशी मला फोन करायला एकच दार हवे होते, आणि ब्विंडीच्या खेड्यातल्या बाईला ते दार शेजारच्या घरातच, पथकातल्या ओळखीच्या माणसाच्या रूपाने मिळाले आहे, हे वाचताना मला खरोखर हेवा वाटला.

आफ्रिकेत असे एक दार करण्याचे प्रयत्न ब्विंडीपुरते नाहीत. चाडमध्ये भटक्या पशुपालकांच्या तळांवर गुरांना लस टोचायला पशुवैद्यांची पथके पोचत होती, पण त्याच तळांवरच्या एकाही मुलाला सगळ्या लसी मिळालेल्या नव्हत्या. तेव्हा पशुवैद्य आणि आरोग्यसेवक एकाच गाडीतून, लसींच्या त्याच थंड पेट्या घेऊन जाऊ लागले, आणि गुरांच्या निमित्ताने मुलांचे व बायकांचे लसीकरण झाले. केनियात २००६-०७ च्या रिफ्ट व्हॅली तापाच्या साथीत दीडशेहून अधिक माणसे आणि कितीतरी गुरे गेली. पुढे तिथे आरोग्य आणि पशुधन या दोन मंत्रालयांची माणसे एकत्र बसवून प्राण्यांतून माणसांत येणाऱ्या रोगांसाठी संयुक्त कक्ष उभारण्यात आला. ही सगळी कामे मोठ्या यंत्रांवर उभी नाहीत. गाडी, बर्फाची पेटी आणि एकमेकांशी बोलणारी दोन खाती, एवढ्यावर त्यांचा पाया आहे.

आणि गोव्यालाही हे जमलेले आहे, हे विसरून चालणार नाही. कुत्र्यांचे घरोघरी आणि रस्तोरस्ती लसीकरण, शाळांतून मुलांना शिकवण आणि संशयित कुत्र्याची तातडीने तपासणी, हे सरकार आणि 'मिशन रेबीज' यांनी मिळून वर्षानुवर्षे केले. २०१८ पासून सलग तीन वर्षे रेबीजने एकही माणूस दगावला नाही, तेव्हा २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. हीच संस्था आफ्रिकेत मलावीच्या ब्लांटायर शहरातही याच रीतीने काम करते. कुत्र्यांसाठी जे एका फोनवर होते, ते माकडांसाठी का होऊ नये, असे मला तळमळीने वाटते.

पुन्हा कॉफीकडे येते. एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे आणि ती न लिहिणे अप्रामाणिक ठरेल. जादा भाव मिळतो तो ज्याच्याकडे कॉफीची झाडे आहेत त्याला, आणि झाडे ज्याच्याकडे जमीन आहे त्याच्याकडे. ब्विंडीच्या रानाचे मूळ रहिवासी बाट्वा लोक; १९९१ मध्ये उद्यान झाले तेव्हा त्यांना रानाबाहेर काढण्यात आले आणि बदल्यात जमीन देण्यात आली नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला कॉफीचा मळा असणे शक्यच नव्हते. आरोग्याचे काम त्यांच्या वस्त्यांनाही हवे आहे आणि भावाच्या वाटेने ते तितके सहज पोचत नाही, हे विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. आमच्या अभयारण्याच्या हद्दीत ज्यांची घरे आणि कुमेरीची, म्हणजे डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीची, जमीन अडकली, त्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही.

किमतीचा विचार करता ही रोजच्या वापराची कॉफी नाही. आमच्या नेहमीच्या पुडीच्या कितीतरी पट पैसे पडतात, आणि ते तसेच असायला हवेत, कारण स्वस्त कॉफीत शेतकऱ्याच्या वाट्याला काय उरते ते चिक्कमगळूरच्या लहान मळेवाल्यांनाही विचारता येईल. मी पणजीत आणि मडगावात चौकशी केली, पण तिथल्या दुकानांत ती मला मिळाली नाही. त्यामुळे पूर्व आफ्रिकेत नोकरीला असलेल्या नातलगाकडून मागवणे हा सोपा मार्ग; गोव्यात असा एखादा भाचा-पुतण्या नसलेली घरे कमीच असतील. येणाऱ्याने पाकीट सीलबंदच आणावे, सामानात मसाल्याजवळ ठेवू नये, आणि इथे पोचल्यावर बिया काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, कपाटाच्या अंधाऱ्या कप्प्यात ठेवाव्यात. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. मी एकदा ठेवल्या आणि बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरले.

ब्विंडीला जाऊन गोरिला पाहण्याचा विचार करणाऱ्यांसाठी जाता जाता एवढेच, की तिथे एका कळपाजवळ एका वेळी आठच माणसांना आणि तासभरच थांबता येते, सर्दी-खोकला असलेल्याला पुढे सोडत नाहीत, आणि साथीनंतर तोंडाला मास्क लावणे व अंतर राखणे यांबाबत अधिक काटेकोर नियम झाले आहेत. परवान्याचा खर्च आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचा आहे. कॉफी हा त्या रानाशी नाते जोडण्याचा माझा मार्ग आहे आणि मला तो पुरेसा वाटतो.

चव, ताजेपणा आणि मागचे काम हे सगळे धरून मी या कॉफीला पाचांपैकी साडेचार गुण देते. अर्धा गुण बाट्वांच्या जमिनीसाठी राखून ठेवला आहे. पुतण्या चवथीला पुन्हा येणार आहे. त्याला बियांची तीन पाकिटे आणायला सांगितली आहेत: एक घरासाठी, एक सासूबाईंच्या बहिणीसाठी, आणि एक त्या बाईसाठी, जिला मी माकडिणीच्या शेपटीपासून थांबवले होते. ती कॉफी पिते, आणि गोरिलांच्या खरजेची हकिकत मी तिला बोंडे गोळा करताना आधीच सांगितली आहे. ऐकून तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की त्या कपड्यांच्या घरातल्या पोरांची खरूज मग बरी झाली का.